लव्हाळ्याचं बूच

धाकटीनं डोक्यावरचा लव्हाळ्याचा भारा अंगणात असा आदळला, की ओट्याखाली निवांत रवंथ करत बसलेली शेळी दाव्याला हिसडा देऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आनंदाची बातमी ऐका. आपल्या नदीचं पाणी अमृत झालंय!"

थोरली ओट्यावर चटईची कड वळत बसली होती. सुनेकडं मान वर करून बघायला गेली आणि हातातली काडी काडकन मोडली. मोडका तुकडा तिनं बाजूच्या ढिगावर टाकला. तो ढीग हल्ली चटईपेक्षा मोठा व्हायला लागला होता. एके काळी हेच लव्हाळं बोटाभोवती गुंडाळलं तर नव्या नवरीसारखं लाजत वाकायचं. आता म्हाताऱ्या नवऱ्यासारखं झालं होतं. वाकव म्हटलं की मोडायचं.

"कोण म्हणतंय अमृत?"

"सरकार म्हणतंय. पांढऱ्या कारखान्याच्या फाटकावर कागद डकवलाय. मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवतोय, पोराच्या लग्नाचं आमंत्रण असल्यासारखा. पाणी निर्मळ, पिण्याजोगं, कशाचा म्हणून अंश नाही! आणि त्या कागदाच्या जोरावर आता दुसरा नळ मागितलाय त्यांनी. खालच्या बेटापर्यंत."

थोरलीचा हात थांबला.

खालचं बेट म्हणजे काय ते सांगायला हवं. नदीच्या वळणावर लव्हाळ्याची दोन बेटं होती आणि सारी वस्ती त्यांच्यावर जगत होती. बायांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कापायचं, पुरुषांनी वाळवून चिरायचं, घरोघरी चटया विणायच्या. मग वर तो कारखाना आला. गिरणीतलं मातकट कापड त्याच्या एका दारानं आत जायचं आणि दुसऱ्या दारानं बगळ्यासारखं पांढरं होऊन बाहेर पडायचं. कापडाचा मळ आणि मळ खाणारं औषध, दोन्ही मिळून एका जाड नळातून नदीत. ते पाणी दुधी, कोमट, डोळ्यांना झोंबणारं. वरच्या बेटाचं लव्हाळं आधी पिवळं पडलं, मग फिकट, मग असं ठिसूळ झालं की पाखरू बसलं तरी मोडावं. बायांच्या पोटऱ्यांची सालं निघायला लागली. राहिलं होतं ते खालचं बेट. दुसरा नळ तिथं आला, की वस्तीनं विळे भंगारात घालून वाट दिसेल तिकडं जायचं.

"पण मला एक कळत नाही," धाकटी पदरानं मान पुसत म्हणाली. "पाणी तपासायला तो बाटलीसाहेब आला तेव्हा मी तिथं उभी होते. माझ्या देखत नळाच्या तोंडाला बाटली लावली त्यानं. मुकादम नाकाला रुमाल लावून उभा. मग गाडीतून लाख आणि शिक्का आणायला दोघं सडकेवर गेले, तेवढा वेळ बाटली आपल्या ओट्यावर ठेवली. आल्यावर लाख तापवून झाकणावर लावली, शिक्का मारला आणि घेऊन गेले. मग ते पाणी वाटेत गोड झालं कसं?"

थोरलीनं मांडीवरची चटई हळूच बाजूला सारली.

"कुठली बाटली गं? ती काळपट? बुटकी?"

"तीच."

"ती तर मी घासली."



"काय केलंत?"

"अगं, झाकण जरा सैल वाटलं म्हणून बघायला गेले, तर असा भपकारा आला! म्हटलं, बिचारा शहरातला माणूस. त्याला काय ठाऊक इथलं पाणी? तहानेला म्हणून भरून घेतलं असणार. वाटेत घोट घेतला तर आतडी गळून पडायची त्याची. ओतून दिलं. राखेनं घासली, विसळली, आपल्या झऱ्याचं पाणी भरलं आणि झाकण घट्ट लावून होती तिथं ठेवून दिली." थोरलीचा आवाज बारीक होत गेला. "दारी आलेल्या माणसाला का असलं पाणी घेऊन जाऊ द्यायचं?"

धाकटी उभ्याची खाली बसली. आधी तिला हसू आलं, मग त्या हसण्यातच रडू आलं, आणि शेवटी दोन्हींचा असा गुंता झाला की तिनं तोंडात पदरच कोंबला.

कुंपणापलीकडं नावाडी नावेला डांबर लावत होता. त्याचे कान नावेपेक्षा लांब. "वैनी," तो तिथनंच ओरडला, "सरकारला झऱ्याचं पाणी पाजलंत, वर दोन गुळाचे खडे तरी द्यायचे! कागदावर 'चव उत्तम' असंही आलं असतं."

"तू तुझी नाव बुजव," थोरली म्हणाली. पण नेहमीची धार नव्हती आवाजात.

सांज व्हायच्या आत वस्तीभर झालं. कोणी हसलं, कोणी बोटं मोडली. पाणवठ्यावर बाया थोरली दिसली की गप्प व्हायच्या आणि ती पुढं गेली की खुसखुसायच्या. हसणाऱ्यांचं तिला काही वाटलं नाही. पण भाऱ्याखाली वाकलेली एक पोटुशी बाई तिच्याकडं नुसतंच बघून गेली. ते बघणं थोरलीला रात्रभर कुसळासारखं टोचलं.

सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि म्हणाली, "चल गं. जाऊन सांगू त्याला."

"कोणाला?"

"बाटलीसाहेबाला. माझ्या हातानं बिघडलंय ना? मग माझ्याच तोंडानं निस्तरते."

मोटारीनं दोघी शहरात गेल्या. बाटलीसाहेबाचं हापीस म्हणजे एका लांब व्हरांड्याच्या टोकाची खोली. खिडकीत बाटल्या, कपाटावर बाटल्या, टेबलाखाली बाटल्या. साहेब मात्र एकच, आणि तोही अर्धा झोपलेला. थोरलीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, राखेसकट. तो चष्मा काढून तिच्याकडं बघत राहिला.

"आजी, मला तहान लागेल म्हणून?"

"मग काय? ऊन किती होतं!"

तो हसला नाही. त्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी. इतकं चांगलं पाणी माझ्या घरच्या नळाला येत नाही."

"मग आता दुसरी बाटली भरा," धाकटी म्हणाली. "चला, आत्ता चला."

"भरली असती. तो कागद माझ्या हातून कधीच गेला; त्यानंतर दोनदा येऊन गेलो मी. तुमच्या टेकडीच्या वळणावर त्यांनी माणूस बसवलाय. माझी गाडी दिसली की तो शिट्टी मारतो, आणि मी नळाशी पोचेपर्यंत नळ कोरडा ठणठणीत. नदीतलं वाहतं पाणी भरून चालत नाही. ते म्हणतात, आमचं कशावरून? कारखान्याचंच पाणी हवं, आणि त्यांचा माणूस समोर हवा. तरच कायद्यात टिकतं."

"आणि मी सांगते ते टिकत नाही होय?"

"तुम्ही सांगता ते खरं आहे, आजी. पण खरं आणि टिकणारं ही दोन वेगवेगळ्या आयांची लेकरं. दुसऱ्या नळाचा निकाल येत्या बाजारच्या दिवशी आहे. तोवर मला पाणी मिळालं नाही, तर हात बांधलेले आहेत माझे."

परतताना मोटारीत धाकटी सगळ्या वाटेनं बोलत होती. मुकादमाच्या सात पिढ्या तिनं ओळीनं उभ्या केल्या आणि एकेकीला झोडपलं. थोरली खिडकीतून बाहेर बघत होती. टेकडीच्या वळणावर खरंच एक माणूस दगडावर बसला होता, दात कोरत. मोटारीतल्या दोन बायांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली भिजवणीच्या डबक्याशी गेली. कापलेलं लव्हाळं चिरण्याआधी भिजत घालतात, त्यासाठी नदीकाठी खोदलेलं हे डबकं. त्याचं पाणी नदीत निसटू नये म्हणून मोरीला बूच मारायचं असतं. कोवळ्या लव्हाळ्याची मुठीएवढी जाड जुडी करायची, पोटात चिकण माती भरायची, पीळ देऊन भोकात ठोकायची. लव्हाळं पाणी प्यायलं की फुगतं. पाण्याचा रेटा जेवढा वाढेल तेवढं ते जास्त घट्ट बसतं. वस्तीतल्या मुलीला चालायला येतं आणि मग बूच वळायला येतं.

थोरलीनं जुडी वळली, माती भरली, आणि ठोकायला दगड उचलला तो उचललेलाच राहिला. तिनं एकदा मोरीकडं पाहिलं. मग वर, वळणापलीकडं दिसणाऱ्या कारखान्याच्या धुराड्याकडं.

"धाकटे," ती म्हणाली, "तो नळ केवढा जाड असेल गं?"

धाकटीनं दोन्ही हातांची कवळ करून दाखवली. मग सासूच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिची कवळ तशीच राहिली.

"आत्याबाई! नाही हं. पोलीस नेतील."

"नेऊ देत. साहेब आला की नळ कोरडा. आपण पाण्याच्या मागं धावतो आणि पाणी पळतं. त्याला पळायलाच जागा ठेवली नाही तर?"

बाजारच्या आदल्या दिवशी, उन्हं कोवळी असताना, बायांची रांग नेहमीसारखी विळे घेऊन निघाली. कोणाच्या काखेत जुड्या, कोणाच्या डोक्यावर चिकण मातीच्या पाट्या. कारखान्याचे हौद दुपारी सुटायचे, तोवर नळ रिकामा असायचा. मनगटाएवढ्या जुड्या आत रचल्या, मग मांडीएवढ्या, मग माणसाच्या धडाएवढी एक, तिला चौघींनी पीळ दिला. वरून माती, मातीवर पुन्हा लव्हाळं. तेही वरच्या बेटाचं नाही, मुद्दाम खालच्या बेटाचं, हिरवं, ताजं, चिवट. थोरलीनं शेवटचा दगड हाणला आणि कमरेवर हात ठेवून गायला सुरुवात केली. तिचा गळा फुटक्या मडक्यासारखा, पण ताल पक्का:

*घातलं गं बूच, त्याच्या नळाच्या नरड्यात,*
*आता साठव बाबा, तुझं तुझ्याच परड्यात.*

बायांनी ओळ उचलली. मग सगळ्या जणी त्या बुचापुढं, नदीच्या काठावर, लव्हाळं निवडत बसल्या. रोजचंच काम. फक्त जागा निराळी.

दुपारी आत हौद सुटले. नळात गुरगुर झाली. बूच जरासं हललं, दोन थेंब सुटले, मग लव्हाळ्यानं पाणी पिऊन अंग धरलं आणि थेंबही थांबले. गुरगुर मागं मागं गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

आधी कारखान्यातले दोन गडी पहार घेऊन आले. दोघंही वस्तीतलेच.

"काकू, उठा की. मुकादमानं बूच काढायला सांगितलंय."

"काढ की. तुझी आई बसलीय बुचाला पाठ लावून. तिला म्हणावं, ऊठ."

गड्यानं आईकडं पाहिलं. आई लव्हाळं निवडतच म्हणाली, "आलास तसा बस. ही जुडी धर जरा."

पहार वाळूत पडली.

मग मुकादम आला. गोल, घामेजलेला, पायांत चकचकीत काळे बूट. घोट्यापर्यंत ते बूट पांढरे पडायला लागले होते, पण त्याचं अजून लक्ष नव्हतं.

"हा काय तमाशा आहे? आत अंगण भरलंय! कापडाचे तागे भिजले! गुन्हा आहे हा, गुन्हा!"

"गुन्हा कसला?" थोरली म्हणाली. "निर्मळ पाणी आहे ना? तुम्हीच वाचून दाखवता फाटकावर. निर्मळ पाण्यानं तागे भिजले तर उन्हात घाला."

"म्हातारे, तुला आत टाकीन!"

"आत कुठं? तुमच्या आत तर पाणी झालंय."

बाया अशा हसल्या की काठावरचे बगळे उडाले. मुकादम पाय आपटत गेला आणि त्यानं रागाच्या भरात ते केलं जे शहाण्यानं केलं नसतं. पोलिसांना कळवलं, आणि नदीकाठी बेकायदा बांध घातला, नुकसान झालं, ताबडतोब या, म्हणून बाटलीसाहेबाच्या हापिसालाही कळवलं. नदीकाठचं सगळं त्याच हापिसाच्या ताब्यात. टेकडीवरच्या माणसाला आज शिट्टी मारायचं कारणच नव्हतं. गाडी मुकादमानंच बोलावली होती. उलट त्या माणसानं उठून वाट मोकळी करून दिली म्हणे.

साहेब आला. त्यानं बूच पाहिलं, बुचापुढच्या बाया पाहिल्या, थोरलीला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. मुकादमामागून तो फाटकातून आत गेला. थोरली त्याच्यामागं, धाकटी तिच्यामागं. अडवायला फाटकावर कोणी नव्हतं. पहारेकरी आपल्या चौकीच्या पायरीवर पाय वर घेऊन बसला होता.

अंगणभर पाणी. दुधी, फेसाळ, कडेला निळसर झाक असलेलं. भिंतीवर चढलेली वेल गळून काळी पडली होती. कामगार पायऱ्यांवर, पिंपांवर, जिथं उंची मिळेल तिथं. डोळे सगळ्यांचे लाल. पोलीसदादा फाटकाशीच थांबले आणि खोकत म्हणाले, "साहेब, तुमचं आटपलं की हाक मारा."

"बघा, बघा हे!" मुकादम एका उलट्या टाकलेल्या खोक्यावर चढून हातवारे करत होता. "या बायांनी केलंय. लिहा!"

"लिहितो," बाटलीसाहेब म्हणाला. "सगळं लिहितो. हे पाणी कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आमचं! आमच्या हौदातलं! यांनी अडवलं म्हणून—"

बोलता बोलता मुकादम थांबला. साहेबानं पिशवीतून बाटली काढली होती.

"थांबा. आज तुम्ही त्यासाठी आलेला नाहीत."

"तुम्हीच बोलावलंत. कारखान्याचं पाणी, कारखान्याच्या अंगणात, कारखान्याच्या माणसासमोर. इतकी सोय मला आजवर कोणी केली नव्हती." साहेब पायरीवर वाकला, बाटली भरली आणि तिथल्या तिथं लाख लावून शिक्का मारला. या वेळी त्यानं बाटली क्षणभरही हातातून सोडली नाही. थोरली जवळ आली तेव्हा तर त्यानं ती पोटाशी धरली.

"घाबरू नका," थोरली म्हणाली. "आज नाही घासत."

"हे पाणी साधं आहे!" मुकादमाचा आवाज चिरकला. "साबणाचं पाणी आहे, साबणाचं! यानं कुणाला काही होत नाही. रोज नदीत जातं, कधी कुणाला काही झालंय? या बाया उगाच बोंबलतात. लिहा, काही होत नाही!"

"बरं, तसं लिहितो. भरताना तुम्ही समोर होतात, त्याची सही द्या." साहेबानं कागद पुढं धरला. "इकडं या. मधे पाणीच आहे फक्त."

मुकादमानं खाली पाहिलं. मग आपल्या बुटांकडं. घोट्यापर्यंतचं काळं कातडं पांढरं पडून सुरकुतलं होतं, उकडलेल्या शेंगेसारखं. त्यानं एक पाय खोक्याच्या कडेला आणला आणि परत मागं घेतला.

"इकडंच पाठवा कागद."

थोरलीनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. पायरी उतरली आणि सरळ पाण्यात शिरली. धाकटी "आत्याबाई!" म्हणून किंचाळली, पण म्हातारी थांबली नाही. तिच्या पोटऱ्यांना हे पाणी नवं नव्हतं. सालं निघालेली कातडी झोंबली असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. अंगणाच्या मधोमध ती उभी राहिली, आणि सासुरवाशिणीला माहेरी बोलवावं तशा गोड सुरात तिनं हाक मारली.

"या की मुकादम! उतरा! तुमचंच पाणी आहे, परकं का आहे? माझ्या सुना-लेकी रोज कमरेएवढ्या यात उभ्या राहतात. आमच्या वस्तीत एक आठ महिन्यांची पोटुशी आहे, ती कालपर्यंत यात उभी होती. तुम्ही चार पावलं या."

 पिंपावरचे कामगार, पायरीवरचा पहारेकरी, फाटकातले पोलीस, सगळे मुकादमाच्या पायांकडं बघत होते.

"साहेब थांबलेत," थोरली म्हणाली. "मीही थांबते. मला सवय आहे."

मुकादम उतरला नाही.

थोडा वेळ वाट बघून बाटलीसाहेबानं कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहायला लागला. लिहिता लिहिता तो मोठ्यानं वाचतही होता, आणि त्याचा आवाज आता अजिबात झोपलेला नव्हता: "कारखान्याच्या प्रतिनिधीनं पाणी आपलं असल्याचं सांगितलं. पाणी निरुपद्रवी असल्याचं सांगितलं. सहीसाठी त्या पाण्यातून चार पावलं यायला सांगितलं असता, नकार दिला."

"आणि खाली लिहा," थोरली पाण्यातूनच म्हणाली, "बूच कुणी मारलं ते. मी मारलं. काढणारही नाही. खटला घालायचा तर माझ्यावर घाला, पण हे पाणी नदीत जायचं नाही."

"ते मी आज काढा म्हणणारही नाही," साहेब म्हणाला. "या पाण्याचा निकाल लागेपर्यंत यातला एक थेंब नदीत सोडायचा नाही, असा हुकूम देऊन चाललोय. उद्या दुसऱ्या नळाच्या निकालापुढं हीच बाटली ठेवतो." मग मुकादमाकडं वळून, "तोवर तुमची सोय तुम्ही बघा. खोकी आहेत ना पुरेशी?"

धाकटीनं पायरीवर वाकून सासूला हात दिला. म्हातारी वर आली तेव्हा तिचे पाय लाललाल झाले होते. सुनेनं पदराचं टोक ओठांनी ओलं केलं आणि तिच्या पोटऱ्या पुसायला बसली.

"राहू दे गं," थोरली म्हणाली. "झऱ्यावर धुऊ. आणि चल लवकर, खालच्या बेटातलं अर्धं कापायचं राहिलंय."

बाहेर, भिंतीपलीकडं, बाया अजून बुचाला पाठ लावून बसल्या होत्या. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. लव्हाळं निवडता निवडता त्या गातच होत्या.